तिथी पाहून अंदमान

नील बेटावर, ज्याचं आजचं नाव शहीद द्वीप, तिथे लक्ष्मणपूर क्रमांक दोन नावाचा किनारा आहे. त्या किनाऱ्याच्या टोकाला समुद्रात खडकाची एक कमान उभी आहे. लाटांनी पोखरून केलेली, दोन पायांवर तोललेली, वर झाडोरा. बेटावरची माणसं बहुतेक बंगाली, म्हणून तिला कुणीतरी हावडा ब्रिज म्हटलं आणि तेच नाव राहिलं. अंदमानच्या प्रत्येक सहलीच्या कागदावर ती असते. आमच्याही होती. वेळ लिहिली होती दुपारी बारा. बाराला आम्ही पोचलो तेव्हा पाणी पूर्ण चढलेलं होतं आणि कमानीकडे जाणारा खडकाळ पट्टा पाण्याखाली गेला होता. लांबून फोटो काढले आणि परतलो. आमच्यासारखी आणखी दोन-तीनशे माणसं त्या तासाभरात तेच करून गेली असतील. सहल आखणाऱ्याने कागदावर जेवणाच्या वेळा सांभाळल्या होत्या, समुद्राच्या वेळा कुठेच नव्हत्या.

किनाऱ्यावर शहाळी विकणारा एक म्हातारा होता. तो म्हणाला, ‘दादा, पानी उतरने दो, फिर देखो.’ आम्हाला दोनची बोट होती. पाणी उतरेपर्यंत थांबता आलं नाही. काही वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा आधी तिथी पाहिली, मग तिकिटं काढली. बेटावरची सुट्टी नेमकी कशी चालते, ते तेव्हा कळलं. ते इथे सविस्तर सांगतो, कारण अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे, आणि त्यातली बरीचशी आमच्यासारखीच बारा वाजता पोचतात.

सुरुवात पाण्यापासून करू. चंद्राच्या ओढीने समुद्राला दोन ठिकाणी फुगवटा येतो, एक चंद्राच्या बाजूला आणि एक बरोबर उलट बाजूला. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा दिवसभरात या दोन्ही फुगवट्यांतून जातो, म्हणून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. पण तेवढ्या वेळात चंद्रही थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला आणखी सुमारे पन्नास मिनिटं लागतात. म्हणून आज सकाळी आठला भरती असेल तर उद्या ती नऊच्या आत-बाहेर, परवा पावणेदहाच्या सुमारास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. छापील सहलपत्रिकेत ‘दुपारी १२, नैसर्गिक पूल’ असं वर्षभर एकच वाक्य असतं, आणि पाणी मात्र रोज जवळपास तासभर सरकत असतं. पंधरवड्यातले काही दिवस ती वेळ जुळते, बाकीचे दिवस चुकते.

दुसरी गोष्ट कोकणातल्या माणसाला नव्याने सांगायला नको. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, त्यामुळे उधाण येतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांग. चढही थोडा, उतारही थोडा. उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनी दिसतो. आपल्याकडे कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्याचा आहे. भरतीची लाट प्रत्येक बंदरात वेगळ्या वेळी पोचते, म्हणून तो अंदमानात लागू पडत नाही. तिथल्यासाठी पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा. सर्व्हे ऑफ इंडिया तो दरवर्षी प्रसिद्ध करते आणि फोनवरच्या साध्या ॲपमध्येही तो मिळतो.

मुंबईत उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्यात चार मीटरपेक्षा जास्त अंतर पडतं. पोर्ट ब्लेअरला ते सुमारे दोन मीटर असतं. हे कमी वाटेल, पण नीलसारख्या बेटाभोवती प्रवाळाचा खडक जवळपास सपाट पसरलेला असतो. सपाट ताटातलं पाणी बोटभर उतरलं तरी सगळा तळ उघडा पडतो, तसं तिथे होतं. दोन मीटर पाणी उतरलं की किनाऱ्यापासून दूरवरचा खडक चालण्याजोगा होतो. भांगाच्या दिवशी हाच खडक गुडघाभर पाण्याखाली राहतो.

यावरून सहलीचे दिवस ठरवायचे. आमचा अनुभव असा, की अमावास्येच्या आगेमागे पोर्ट ब्लेअरला उतरावं आणि प्रतिपदा-द्वितीयेला नीलवर असावं. उधाणाची ओहोटी तिथे दिसते. तृतीयेपासून पुढे तीन-चार दिवस हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपावर राहावं. भांग जवळ येतो तशी पाण्याची ओढ कमी होते, गढूळपणाही बसतो, आणि पाण्याखाली बघायला तेच हवं असतं. शिवाय शुक्ल पक्षातल्या पहिल्या दिवसांत चंद्र लवकर मावळतो. त्यानंतरच्या काळोखात किनाऱ्याचं पाणी हलवलं की निळसर ठिणग्या उठतात. सूक्ष्म प्लवक ढवळले गेले की स्वतःचा प्रकाश टाकतात. कोकणात काही रात्री हे दिसतं, हॅवलॉकच्या खारफुटीत रात्री कयाकमधून जाताना ते फार जवळून दिसतं. पौर्णिमेलाही ओहोटी तेवढीच मोठी असते, पण चांदण्यात हा प्रकाश हरवतो. म्हणून माझं मत अमावास्येच्या बाजूने.

पाण्यानंतर सूर्य. पोर्ट ब्लेअर मुंबईच्या वीस रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथे ऐंशी मिनिटं आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो, घड्याळ मात्र आपलंच. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि साडेपाचला काळोख होतो. सुट्टीत आठला उठून, दहाला बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हाती तिथे अर्धाच दिवस लागतो. पहाटे पाचला उठावं. नीलवर सूर्योदयासाठी पूर्वेचा सीतापूर किनारा आहे, सूर्यास्तासाठी लक्ष्मणपूर. मध्ये भरतपूर, रामनगर. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना फाळणीनंतर इथे वसवलं गेलं आणि गावांना रामायणातली नावं मिळाली. हॅवलॉकला कृष्णाची नावं आहेत, गोविंदनगर, श्यामनगर, राधानगर. राधानगरचा पश्चिमेकडे तोंड असलेला किनारा संध्याकाळी पाहावा, आणि चार वाजता तिथे असावं. पाच वाजता निघालेल्यांना नुसती गर्दी परत येताना भेटते.

तिसरा वारा. दरवर्षी मे महिन्याच्या उत्तरार्धात आपण बातमी ऐकतो, मोसमी वारे अंदमानात दाखल झाले. महाराष्ट्राला त्या बातमीने हायसं वाटतं. अंदमानात त्याच दिवसापासून समुद्र खवळायला लागतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सप्टेंबरपर्यंत, मग ईशान्येकडून येणारा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं डिसेंबरपर्यंत. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जानेवारी ते एप्रिल हे शांत पाण्याचे महिने. डिसेंबरही चांगला असतो, पण डिसेंबर २०१६मध्ये वादळामुळे हॅवलॉकला हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि नौदल, तटरक्षक दलाच्या जहाजांनी त्यांना आणलं होतं.

बेटांमधला प्रवास फेरीने होतो. वेगवान खाजगी बोटी पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला दीड ते अडीच तासांत नेतात, सरकारी बोट स्वस्त आणि संथ. नील ते हॅवलॉक तासाभराचं अंतर. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि त्याला कुणाचा इलाज नसतो. म्हणून दूरची बेटं आधी करावीत, पोर्ट ब्लेअर शेवटी ठेवावं, आणि परतीच्या विमानाच्या आदला संपूर्ण दिवस शहरातच असावं. आदल्या संध्याकाळच्या बोटीवर विसंबून सकाळचं विमान धरणारी कुटुंबं आम्ही जेट्टीवर रडकुंडीला आलेली पाहिली आहेत.

आता ज्यासाठी माणसं तिथे जातात ते प्रवाळ. हे झाड नाही, दगडही नाही. काही मिलिमीटरचा मऊ प्राणी, तोंडाभोवती शुंडकं असलेला, स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधतो. त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा, लाखो. पिढ्या मरतात, वाट्या राहतात, त्यावर नवी पिढी बांधते. या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतात. ते सूर्यप्रकाशावर साखर तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचा रंगही बहुतांश त्यांचाच. म्हणून प्रवाळाला उथळ, स्वच्छ, उजेडाचं पाणी लागतं. नदीच्या गाळाच्या तोंडावर ते जगत नाही, आणि कोकण किनाऱ्यावर मोजक्याच जागा सोडल्या तर ते का नाही, याचं उत्तर त्यातच आहे.

पाणी नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा अंशभरच जास्त तापलं आणि आठवडे तसंच राहिलं, की हे शैवाल बाहेर पडतं. मागे पारदर्शक प्राणी आणि त्यातून दिसणारा पांढरा सांगाडा उरतो. यालाच विरंजन म्हणतात. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत हे मोठ्या प्रमाणावर झालं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परततं, नाहीतर प्रवाळ उपाशी मरतं. डोक्याएवढ्या गोल प्रवाळाची वाढ वर्षाला सेंटिमीटरभर असते. तुम्ही पाय ठेवून मोडलेला वीतभर तुकडा तुमच्या शाळकरी मुलीपेक्षाही वयाने मोठा असू शकतो. म्हणून काचेचा तळ असलेल्या बोटीतून उतरताना, स्नॉर्केल करताना पाय खाली टेकायचा नाही, एवढा एक नियम कसोशीने पाळावा. दमल्यासारखं झालं तर पाठीवर उताणं तरंगावं, गाइडची रिंग धरावी.

प्रवाळ पाहण्याच्या तीन-चार जागा आहेत. पोर्ट ब्लेअरसमोर नॉर्थ बे आहे. जुन्या लाल वीस रुपयांच्या नोटेमागचा दीपगृह आणि माडांचा देखावा इथलाच. तिथे गर्दी फार. हॅवलॉकहून बोटीने एलिफंट बीच, सकाळच्या पहिल्या बोटीने गेलं तर चांगलं. मला सर्वांत आवडलं ते जॉली बॉय. वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे निर्जन बेट. १९८३मध्ये हे उद्यान झालं, त्यात १५ बेटं आहेत. जॉली बॉय वर्षाचे काही महिनेच उघडं असतं, बाकीच्या काळात रेडस्किन बेट उघडतात, म्हणजे प्रत्येकाला विश्रांती मिळते. वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो. जेट्टीवर पिशव्या तपासतात, प्लॅस्टिक आत नेऊ देत नाहीत. पर्यटक कुरकुरतात. पण त्याच कडकपणामुळे तिथे बोटीतून खाली पाहिलं की चॉकलेटचे कागद दिसत नाहीत, मासे दिसतात. वंडूरच्या वाटेवर सिप्पीघाटला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि वठलेली झाडं दिसतील. ती २००४पूर्वी भातशेती होती. त्या वर्षीच्या २६ डिसेंबरच्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली आणि उत्तर अंदमानची वर उचलली गेली. दक्षिणेत शेतं बुडाली, उत्तरेत प्रवाळ पाण्याबाहेर येऊन मेलं.

स्कूबाबद्दल बरेच प्रश्न विचारले जातात. पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षकासोबतची पहिली बुडी घेता येते, तिची कमाल खोली बारा मीटर असते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. पहिल्या काही मीटरमध्येच कानाच्या पडद्यावर तो जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायला लागण्याआधीच, मीटरभर उतरलं की पुन्हा. सर्दी असेल तर ही वाट बंद असते, तेव्हा बुडी घेऊ नये, पैसे भरले असले तरी. श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दाबाखाली घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि तिला बाहेर पडायला वाट हवी. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी नाहीसा होतो, म्हणून खाली सगळं निळसर दिसतं. प्रशिक्षकाने टॉर्च लावला की करडा वाटणारा खडक एकदम शेंदरी होतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब असेल तर ते अर्जात लपवू नये. आणि एका बुडीनंतर किमान बारा तास, अनेक बुड्यांनंतर अठरा तास विमानात बसू नये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे स्कूबाही सहलीच्या मधल्या दिवसांतच बसवायला हवं.

ज्याला पाण्यात शिरायचंच नाही, त्याच्यासाठी नीलची ओहोटी आहे. दुसऱ्या खेपेला आम्ही द्वितीयेला गेलो. ओहोटीच्या दीड तास आधी किनाऱ्यावर होतो. पाणी उतरत असताना चालायला सुरुवात करायची आणि ते फिरलं की परत निघायचं, हा क्रम. पायात रबरी तळाचे बंद बूट हवेत, चप्पल निसटते. तिथले गाइड खडकांतल्या डबक्यांशी उकिडवे बसतात आणि काही न बोलता बोट दाखवतात. परातीएवढ्या एका डबक्यापाशी आम्ही पाऊण तास होतो. तळाशी काळी, हातभर लांब समुद्रकाकडी वाळू गिळत आणि पाठीमागे चाळलेली वाळू सोडत सरकत होती. खडकाच्या फटीत एक शिंपला रुतलेला, उघड्या ओठांची मखमली किनार निळी-जांभळी. माझी सावली तिच्यावर पडली तसा तो गपकन मिटला. शिंपल्याला त्या किनारीवर उजेड-अंधार ओळखणारे डोळे असतात. आम्ही मागे सरकलो, दोन मिनिटांनी किनार पुन्हा हळूच बाहेर आली. त्या किनारीतही शैवालच राहतं, प्रवाळासारखाच उजेडाचा व्यवहार. एक शंख उठून चालायला लागला, आत खेकडा होता. त्याला स्वतःचं कवच नसतं, वाढेल तसा तो मोठा रिकामा शंख शोधतो. आपण किनाऱ्यावरून उचललेला सुंदर शंख त्याचं पुढचं घर असतं. तसंही प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहे. मेलेला तुकडासुद्धा बॅगेत सापडला तर विमानतळावर काढून घेतात.

मग कमानीखाली गेलो. ज्या जागी पहिल्या खेपेला पाणी होतं, तिथे पाय कोरडे ठेवून उभे होतो.

पोर्ट ब्लेअरला, २०२४पासून ज्याचं नाव श्री विजयपुरम, दोन दिवस द्यावेत. मराठी माणूस सेल्युलर जेलला जातोच. पण बहुतेक जण तिसऱ्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपाशी हात जोडून, फोटो घेऊन खाली येतात. ती इमारत कशी काम करत होती, ते पाहिल्याशिवाय येऊ नये. १८९६ ते १९०६ या काळात कैद्यांच्याच श्रमातून ती बांधली गेली. मधोमध मनोरा, त्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती निघालेल्या, सहाशे नव्वदहून अधिक कोठड्या, सगळ्या एकेका माणसासाठी. एका इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कुठल्याही कैद्याला दुसरा कैदी दिसत नाही. एक पहारेकरी मनोऱ्यात उभा राहून सगळ्या मार्गिकांवर नजर ठेवू शके.

कोठडीच्या दाराजवळ थांबा आणि कडी पाहा. दाराचा लोखंडी अडसर बाहेरच्या भिंतीतल्या खोल खोबणीत जातो आणि कुलूप त्या खोबणीत, दारापासून हातभर लांब. गजांतून हात काढून पाहिला, बोटं खोबणीच्या कडेलाही पोचत नाहीत. आत सुमारे साडेतेरा फूट लांब, सात फूट रुंद जागा, आणि हात पुरणार नाही इतक्या उंचीवर एक झरोका. समुद्र शंभर पावलांवर, पण त्या झरोक्यातून फक्त आकाश. एकटेपणा हीच शिक्षा असावी अशा विचाराने केलेली ही रचना आहे. पन्नास वर्षांची शिक्षा झालेले सावरकर जुलै १९११मध्ये इथे आले, १९२१पर्यंत होते. थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते, आणि तरी भाऊ भावाला भेटू शकत नव्हता. अंगणात कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, ठेवला आहे. त्याला बैलासारखं जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढावं लागे. सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ घरी असेल तर निघण्याआधी वाचून जा, भिंती बोलायला लागतात.

मनोऱ्याजवळ संगमरवरी पाट्यांवर कैद्यांची नावं प्रांतवार कोरलेली आहेत. ती वाचायला अर्धा तास द्या. बंगालची यादी संपता संपत नाही. महावीर सिंह, मोहित मोईत्र, मोहनकिशोर नामदास ही तीन नावं शोधा. १९३३च्या उपोषणात नळीने जबरदस्तीने दूध पाजताना या तिघांचे प्राण गेले. सातपैकी तीनच इमारती आज उरल्या आहेत. बाकीच्या पाडल्यावर जुन्या कैद्यांनी आवाज उठवला, म्हणून उरलेल्या वाचल्या आणि १९७९मध्ये राष्ट्रीय स्मारक झालं.

समोरचं रॉस बेट, आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, दुसऱ्या दिवशी सकाळी करावं. तुरुंग चालवणाऱ्या साहेबांची राजधानी इथे होती, चर्च, बेकरी, नाचघर. १९४१च्या भूकंपाने ती हादरली, पुढच्या वर्षी जपानी आले. आज वडाच्या मुळांनी भिंती आवळून धरल्या आहेत आणि मधून चितळं फिरतात. जेल आधी आणि रॉस नंतर, हाच क्रम ठेवावा. वेळ उरला तर चॅथमची १८८३ची लाकूड-गिरणी पाहावी, पडौकचं लालसर लाकूड तिथे कापताना दिसतं.

बारीकसारीक सांगायचं तर, भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नीलसाठी परवाना लागत नाही, पण बोटीच्या तिकिटाला ओळखपत्र लागतं. समुद्राखालची केबल २०२०मध्ये आल्यापासून फोन बरे चालतात, तरी नीलवर रोख पैसे जवळ असावेत. हिंदी सगळीकडे चालते. जिथे मगरींची पाटी आहे तिथे पाण्यात पाय घालू नये, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखर आहेत, विशेषतः खाडीच्या तोंडाशी आणि संधिप्रकाशात. गोड पाणी बेटांवर मोजकं आहे, शॉवर बेताने वापरावा.

एक गोष्ट मात्र यादीतून काढून टाका असं मी प्रत्येकाला सांगतो. सहलीच्या कागदावर ‘बाराटांग, चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी’ असा एक दिवस असतो. पहाटे निघून, जिरकाटांगच्या नाक्यावर वाहनांच्या ताफ्यात लागून जायचं. तो रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. जारवा आज काही शेच आहेत. बाहेरच्या माणसाच्या गोवर-फ्लूशी त्यांच्या शरीराची ओळख नाही. १९९८च्या सुमारास ते जंगलाबाहेर येऊ लागले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यात गोवर पसरला. त्यांच्या शेजारच्या ग्रेट अंदमानी लोकांचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. १८५८मध्ये इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा ते हजारोंच्या संख्येने होते, साथींनी आणि उखडण्याने आज पन्नासच्या आसपास उरले. सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये हा रस्ता राखीव क्षेत्रात बंद करण्याचा आदेश दिला होता. थांबणं, फोटो काढणं, खाणं देणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तरीही ताफ्यातल्या गाड्यांत काचेला नाक लावून बसलेली माणसं जंगलात ‘काही दिसतंय का’ ते शोधत असतात. गुहेसाठी जातो असं म्हणणाऱ्यांनाही त्याच रस्त्याने जावं लागतं, आणि गुहा आपल्याकडे कमी नाहीत.

बाराटांगचा तो दिवस रद्द करा आणि तो नीलच्या ओहोटीला द्या.